कर्ता कोण?

‘तिला तांबी बसवली.’ ‘तिचे ऑपरेशन करून टाकले.’ ही वाक्ये आपल्याकडे घरोघर ऐकू येतात. आम्ही दोघी मराठीच्या अध्यापिका. सवयीने अशा वाक्यांतला कर्ता शोधतो आणि तो सापडत नाही. देह जिचा, ती चतुर्थी-षष्ठीच्या प्रत्ययांतच राहते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून हा विषय मराठीत निःसंकोच मांडला. पुढे साधने पुष्कळ वाढली. निवड तेवढी वाढली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांमध्ये स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के होते, पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के.

मध्यंतरी आमची एक माजी विद्यार्थिनी दवाखान्यात सोबत घेऊन गेली. मूल पाच महिन्यांचे, अंगावर पिणारे. तांबीचे सासूबाईंनी परस्पर ठरवलेले. डॉक्टरीणबाईंनी आधी तिलाच विचारले : पुढचे मूल कधी हवे? पाळीत रक्तस्राव किती होतो? मग एकेक साधन समजावले. तांबी दीर्घकाळ टिकते, पण रक्तस्राव वाढू शकतो. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचे. त्याने पाळी अनियमित होते वा थांबते, आणि ते सोडल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात. मूल पीत असल्याने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तूर्त नकोत. ‘छाया’ गोळीत संप्रेरके नसतात. मात्र ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, न चुकता घ्यावी लागते.

“औषधांचं मला कळतं, तुमच्या घराचं नि जिवाचं तुम्हांला. दोन्ही मिळून ठरवू,” त्या म्हणाल्या.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाळीत आधीच फार जातं. मी गोळी घेईन. रविवार-बुधवार लक्षात ठेवीन.”

“मानवली नाही तर या. बदलता येते.”

संमती आणि निर्णय हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो. संमती दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टीला द्यायची असते. निर्णयासाठी आधी पर्याय ठाऊक असावे लागतात, आणि नको म्हणण्याची मुभाही.

तिचा नवरा बाहेर बाकावर बसून होता. “तुमची हरकत नसेल तर पुढच्या वेळी त्यांनाही आत आणा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती आमच्याकडे पाहून हसली आणि “विचारते,” म्हणाली.