खर्चाची वही आणि पाटल्या

२०२५ च्या चवथीला माटोळीखाली बसून आम्हा भावांचा वाद पेटला. त्याच जुलैत केंद्र सरकारने जागतिक बँकेचा दाखला देऊन सांगितले होते, की २०२२-२३ मध्ये भारताचा गिनी निर्देशांक २५.५ होता, म्हणजे जगातल्या सर्वांत समान देशांत आपली गणना. विरोधकांना ते अजिबात पटले नव्हते. मी कला शाखेचा पदवीधर, अर्थशास्त्र माझे नव्हे; पण कारकुनाला छापील आकडा खरा वाटतो. मी सरकारची बाजू घेतली.

धाकटा टॅक्सी चालवतो. तो म्हणाला, "दादा, तुझ्या घरी तांदूळ, नुस्ते, मोबाईल. माझ्याही घरी तेच. खर्च सारखाच. पण टाळेबंदीत तुझा पगार येत होता. मी हिच्या पाटल्या मोडून हप्ते भरले. त्या तुझ्या आकड्यात कुठे आहेत?"

रात्री मुद्दाम शोधून वाचले. ते २५.५ घरखर्चाच्या पाहणीवरून काढलेले. घरात किती साठले, किती मोडले, हे त्यात येतच नाही. त्याच वर्षाचा दुसरा अंदाज जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडला होता: वरच्या १ टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा. सरकार खर्चाची वही वाचत होते, हे लोक मिळकतीची. मला माझी वही पुरत होती, कारण पगार चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरतीला भावजयीच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या. पाच चवथी त्या माझ्यासमोर होत्या. मी पाहिल्या नव्हत्या, इतकेच.