साक्षांकन नमुन्यातला ‘नाही’

तामलवाडी, ता. तुळजापूर

चि. भाच्यास,

पोलीस भरतीच्या निवड यादीत नाव लागले तरी नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी राहते. तिची सुरुवात उमेदवाराने स्वतः भरलेल्या साक्षांकन नमुन्यापासून होते. कधी अटक झाली का, खटला भरला गेला का, दंड वा शिक्षा झाली का, प्रकरण चालू आहे का, असे त्यात विचारलेले असते. माहिती खोटी दिली किंवा दडवली तर अपात्र ठरवू, ही ताकीदही त्याच कागदावर असते. मग जिल्हा पोलिसांमार्फत विचारणा गावच्या ठाण्याकडे येते आणि तिथली नोंद नमुन्याशी ताडून पाहिली जाते.

घोटाळा होतो तो ‘कधी’ या शब्दावर. बांधावरची मारामारी, यात्रेतली बाचाबाची, सोलापूर रस्त्यावरचा रास्ता रोको. गुन्हा दाखल होतो, पुढे आपसात मिटतो, आरोपी सुटतात किंवा सरकार खटला मागे घेते. गावाच्या लेखी विषय संपला. पण खटला भरला गेला होता का, या प्रश्नाचे उत्तर सुटकेनंतरही ‘होय’ असेच राहते. निवडणुकीच्या तोंडावर झालेली चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची कारवाई, तर पोरे मोजतच नाहीत. बंधपत्र घेतले होते का असा प्रश्न असेल, तर तीही लिहावी लागते.

माहिती दडवल्याच्या वादांत सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग खटल्यातला २०१६ चा निकाल आधाराला घेतात. कोवळ्या वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा दडवला असेल, तर नेमणूक करणारा अधिकारी ते माफ करू शकतो. अनेक चालू खटले जाणूनबुजून लपवले, तर तेवढ्यावर निवड रद्द होऊ शकते. नमुन्यात नेमके विचारलेच नसेल, तर मात्र दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराला तरुणपणीच्या मारामारीबद्दल न्यायालयाने सांभाळून घेतले होते. अशा दयेच्या भरवशावर नमुना भरणे हा जुगारच.

खरे लिहिले म्हणजे नोकरी पक्की, असेही नाही. गुन्हा गंभीर असेल, सुटका केवळ तांत्रिक कारणाने झाली असेल, तर अधिकारी पूर्वचारित्र्य पाहून नकार देऊ शकतो. मात्र चालू खटला किरकोळ असून तो प्रामाणिकपणे लिहिला असेल, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते.

अठरा वर्षांच्या आतल्या प्रकरणांना बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ वेगळे संरक्षण देते: दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे अपात्रता येत नाही. सोळा पूर्ण झालेल्या, घोर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चाललेल्या मुलांना ही सवलत नाही.

उत्तर ‘होय’ असेल तिथे गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालय आणि निकालाची तारीख लिहून निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. ती न्यायालयात अर्ज केल्यावर मिळते, आणि तिला दिवस लागतात.

तुझा,
मामा