स्वतःचीच झील

आमच्या शाहिरास झीलकरी लागतात. स्कॉटलंडची गायिका के. टी. टन्स्टल हिची झीलकरी मात्र तीच. २००४ सालीं बीबीसीच्या संगीत-कार्यक्रमांत दुसऱ्या कलावंताच्या जागीं ऐनवेळीं ती एकटी उभी राहिली. गिटारीवरची थाप, खंजिरी, स्वतःचा स्वर. पायानें चालविण्याचें छोटें यंत्र एकेक ध्वनि टिपून त्याचीं आवर्तनें करीत राहिलें आणि थरावर थर चढून वृंद जमला. चित्रफितींत तें पाहून आम्हांस यंत्रापेक्षां तिच्या धाडसाचें कौतुक वाटलें. पहिली थाप ढळली, तर यंत्र तीच चूक इमानानें परत आणणार; बोट दाखवावयास दुसरा साथीदार नाहीं. स्वतःचीच सोबत करूं पाहणाऱ्यानें पहिला ठेका खरा धरावा, हें एकटेपणास भिणाऱ्या आम्हांस ती गातां गातां सांगून गेली.