कंकालेश्वराचा उलटा फोटो



आज पिकाची नोंद नाही, फोटोची आहे. पण शेवटी येणार पिकावरच, म्हणून कंटाळा न करता वाचा.

२०२५ च्या सप्टेंबरातला पाऊस इथं कुणाला सांगायला नको. आपल्या चकलांब्याच्या बाजूला माझं नाल्याकडचं अडीच एकर आहे, भारी काळी जमीन. त्यात कापूस होता. पाणी चार दिवस हललं नाही. पाचव्या दिवशी बांधावर उभं राहून मी मोबाईलवर आठ-दहा फोटो काढले. ई-पीक पाहणी आल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, आपल्याला शेतात उभं राहून फोटो काढायची सवय झालेलीच आहे. जीपीएसवाला कॅमेरा लावला, तारीख आली, गावाचं नाव आलं. म्हणलं झालं काम.

ते फोटो घेऊन बीडला एका कचेरीत गेलो. साहेबांनी बोटानं एकेक फोटो सरकवला अन् म्हणले, "हे तर हिरवंगार दिसतंय की."

राग आला. पण बाहेर येऊन मीच परत फोटो बघितले, तर खरंच हिरवंगार! माझ्या छातीच्या उंचीवरून काढलेला फोटो म्हणजे वरच्या पानांचा फोटो. खाली पाणी, खालच्या फांदीवरची काळी पडलेली बोंडं, कुजायला लागलेल्या मुळ्या, यातलं त्यात काहीच नव्हतं. कापसाचं तसंच असतं, जाणकारांना माहीतच आहे. मुळाला हवा मिळेना झाली तरी झाड दोन-तीन दिवस वरून तजेलदार दिसतं, अन् मग ऊन पडलं की एकाएकी माना टाकतं. आकस्मिक मर म्हणतो ती हीच. मी काढलेला एकही फोटो खोटा नव्हता. पण खरंही काही सांगत नव्हता.

गाडीला वेळ होता, म्हणून कंकालेश्वराला जाऊन बसलो. बीडला ज्याचं जाणं-येणं आहे त्यानं हे देऊळ बघितलेलंच असतं. भोवती कुंड, मधे काळ्या दगडाचं देऊळ, महाशिवरात्रीला मोठी गर्दी. याचा फोटोही सगळ्यांचा एकच. समोरून, मधोमध, पुढं आपण उभे. माझ्याच मोबाईलमधे असे चार असतील, चार वेगवेगळ्या वर्षांचे. शर्ट बदललाय, बाकी काही नाही.

तिथं एक कॉलेजचा पोरगा पायरीवर पालथा पडला होता. आधी वाटलं चक्कर आली. जवळ गेलो तर म्हणतो, "काका, जरा बाजूला सरकता का? सावली पडतीय."

मोबाईल त्यानं उलटा धरला होता, कॅमेऱ्याचा डोळा खाली येईल असा. पाण्याला टेकायचा तेवढा बाकी होता. मी म्हणलं, "अरे, देऊळ तिकडं वर आहे, तू पाण्यात काय बघतोस?" त्यानं दाखवलं. अख्खं देऊळ पाण्यात उलटं उतरलेलं, अन् अगदी पुढं, मोठ्ठी दिसणारी, शेवाळ धरलेली पायरी. पाणी कुठवर चढलं होतं त्याची ओली रेघ दगडावर स्पष्ट दिसत होती. मी तिथं पन्नासेक वेळा तरी गेलो असेन. ती रेघ कधी दिसली नव्हती.

मग पोराबरोबर गप्पा झाल्या. तो म्हणला, "काका, प्रसिद्ध जागेचा फोटो काढायचा तर आधी ओळखीचा फोटो एकदा काढून घ्यायचा, म्हणजे डोक्यातनं जातो. मग बसायचं, झोपायचं, मागून जायचं, वेळ बदलायची." मला ते पटलं. पीक बघायला जातो तेव्हा आपणही हेच करतो की. वरून एक नजर, मग वाकून पानाची खालची बाजू.

त्यानं एका फ्रेंच चित्रकाराचं सांगितलं, क्लोद मोने. मी घरी येऊन पोराच्या मदतीनं शोधून वाचलं. या माणसानं १८९०-९१ मधे घराजवळच्या गव्हाच्या गंजी रंगवल्या. एकच विषय, पंचवीसेक चित्रं! सकाळी, संध्याकाळी, बर्फात, धुक्यात. पुढं रुआँ नावाच्या शहरात तिथलं सगळ्यांनी बघितलेलं मोठं चर्च त्यानं तीसेक वेळा रंगवलं, जवळपास एकाच बाजूनं. बदलला तो फक्त उजेड. मधेच पॉपलरच्या झाडांची एक रांग तो रंगवत होता, अन् ती झाडं विकली गेली. तर चित्रं पुरी होईपर्यंत झाडं तोडू नयेत म्हणून गड्यानं पदरचे पैसे मोजले. आपल्याकडं बांधावरचं झाड वाचवायला कुणी पैसे मोजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

गाडी सोडून दिली त्या दिवशी. म्हणलं आलोच आहे तर खजाना विहिरीवर जाऊ. बीडपासून थोडं दक्षिणेला, सोलापूरच्या रस्त्याच्या बाजूला आहे. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबत खानानं बांधून घेतली; काम राजा भास्कर या कारागिराचं सांगतात. पाणी आत आणणारी भुयारं वेगळी अन् शेताकडं नेणारं भुयार वेगळं. मोट नाही, मोटर नाही, जमिनीच्या उतारावर सगळं चाललेलं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसानं लेव्हल कशी काढली असेल, याचा विचार करत मी तिथं बराच वेळ बसलो. आपल्याला एका एकरात ठिबकचा दाब सारखा ठेवता येत नाही.

या विहिरीचाही फोटो सगळे वरून काढतात, गोल आकार दिसावा म्हणून. मी आत उतरलो. आतल्या ओवरीत बसून पाण्याकडं न बघता पाण्याचा उजेड दगडावर कसा हलतो ते बघत राहिलो, अन् त्याचा फोटो काढला. मग भुयाराच्या तोंडाचा. मग दगडावरच्या पाण्याच्या खुणांचा, एकावर एक. जाणकार माणूस त्या खुणांवरून हंगाम वाचू शकेल. फोटो काही फार भारी आलेत असं नाही. दोन हललेत. पण ते वरच्या गोल फोटोपेक्षा जास्त सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत शेतात गेलो. दुपारच्या उन्हात पानाचा पिवळेपणा फोटोत धुऊन जातो, हे आधीपासून माहीत होतं, पण पाळत नव्हतो. पहिला फोटो जुन्याच जागेवरून, लिंब अन् विजेचा खांब दोन्ही येतील असा, म्हणजे शेत ओळखू येतं अन् मागच्याशी ताडून बघता येतं. मग चिखलात गुडघे टेकले. मोबाईल उलटा धरून जमिनीपासून चार बोटांवर आणला. सरीतलं पाणी, त्यात उलटी दिसणारी पराटी, अन् अगदी पुढं खालच्या फांदीचं काळं बोंड. त्याच्या शेजारी खुरपं टेकवून ठेवलं, मापाला. एक झाड उपटलं अन् मुळी हातावर घेऊन काढला. एक बोंड फोडून आतली सडकी सरकी काढली. शेवटी नाल्याच्या काठावरच्या बाभळीचा फोटो. पुराचा काडीकचरा तिच्यात कुठवर अडकलाय ते दिसावं म्हणून बायकोला शेजारी उभं केलं. तिच्या खांद्याला लागत होता. ती म्हणली, "पहिल्यांदा माझा फोटो काढला, तो पण पुराचं माप म्हणून."

हे फोटो दाखवल्यावर कुणी हिरवंगार म्हणलं नाही. पाहणीला माणूस आला, तोही सरीत वाकून बघून गेला. मदत किती आली ते विचारू नका. जी झाडं अजून तग धरून होती त्यांना चर काढून पाणी काढलं, अन् युरिया, पोटॅश, कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी केली. निम्मी उठली, निम्मी गेली.

तेव्हापासून त्याच लिंबाखालून दर पंधरवड्याला एक उभा अन् एक गुडघ्यावरचा फोटो काढतोय. सगळे एका फोल्डरमधे ठेवलेत.

सोबत नऊ फोटो टाकलेत. पहिले तीन कंकालेश्वर, मधले दोन खजाना विहीर, बाकी आपलं वावर. सातव्या फोटोत मुळीच्या सालीवर तांबूस पट्टा दिसतोय. तो नुसता पाण्यानं आलेला आहे की मूळकूज आहे, हे कृषीवाल्या मंडळींपैकी कुणी मोठा करून बघून सांगितलं तर बरं होईल. तीच जागा यंदा तुरीला धरायची आहे.