नेम

मराठीत ‘नेम’ हा एकच शब्द तीन निरनिराळी कामे करतो. बंदूक रोखणारा नेम धरतो. पहाटे उठून पोथीचा अध्याय वाचणाऱ्या आजीचाही तो नेमच असतो. आणि पावसाचा किंवा एसटीच्या गाडीचा ‘काही नेम नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा तोच शब्द भरवशाचा अर्थ देतो. संस्कृतातील ‘नियम’ मराठीत रुळून ‘नेम’ झाला. तेव्हा व्रताचा अर्थ मूळचा, हे उघड आहे. उरलेले दोन त्याच्या शेजारी का नांदतात, याचा विचार करण्याची वेळ आम्हांवर एरवी आली नसती. ती आली एका शिकारी रायफलीवर दुर्बीण बसवताना.

हा उद्योग अर्थातच महाराष्ट्रातला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषय आठवणींच्या पुस्तकांत जाऊन बसला. अमेरिकेतील ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आमचे वास्तव्य आहे, तेथे मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा रायफलीचा हंगाम जवळजवळ सणासारखा पाळला जातो. पूर्वी तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होई आणि अनेक शाळा त्या दिवशी बंद असत. २०१९ पासून तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होऊ लागला. आमचे शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. वडिलांकडून आलेली बोल्टची रायफल, काडतूस ‘तीस-शून्य-सहा’ जातीचे, म्हणजे अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले. त्यांनी पन्नासएक हंगाम साध्या नजरेने काढले. गेल्या शरदात मात्र त्यांनी आमच्यापुढे एक नवी दुर्बीण ठेवली आणि म्हणाले, “स्क्रू फार बारीक आहेत. मला तुमची बोटे हवीत.”

आम्ही शिकार करीत नाही. कागदावर त्यांच्याबरोबर पुष्कळ गोळ्या झाडल्या आहेत, इतकाच आमचा अधिकार.

दुर्बीण कशासाठी, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण ‘लांबचे जवळ दिसावे म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. साध्या रायफलीवर नळीच्या टोकाशी एक मणी असतो आणि अलीकडे एक खाच. खाचेत मणी, मण्यावर लक्ष्य, असे तीन अंतरांवरचे तीन पदार्थ डोळ्याला एका रेषेत आणावे लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकतो; तरुण डोळा या तिघांत इतक्या चपळाईने फिरतो की ती उणीव जाणवत नाही. चाळिशीनंतर भिंगाची लवचिकता कमी होते आणि खाच व मणी धुरकट होऊ लागतात. दुर्बीण लक्ष्याची प्रतिमा आणि बारीक तारांची फुली एकाच प्रतलात आणून ठेवते, म्हणून म्हाताऱ्या डोळ्याला एकाच ठिकाणी पाहावे लागते. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांना हवे होते ते वाचनाच्या चष्म्याचेच भावंड.

या तारांचा इतिहासही वाचनीय आहे. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाच्या दुर्बिणीत कोळ्याचा धागा आला. तारा आणि तो धागा दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात हे त्याच्या ध्यानी आले आणि त्यातून मोजणीची दुर्बीण निघाली. १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. आकाशातले कोन मोजण्यासाठी सुचलेली ही युक्ती पुढे रायफलीवर चढली.

बसवण्याचे काम गवंड्याच्या कामासारखे निघाले. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहायचे, बोल्ट काढून ठेवायचा, मग रायफलीच्या पाठीवरची बंद छिद्रे उघडून त्यांतले तेल स्पिरिटने पुसायचे, कारण तेलकट स्क्रू धक्क्यागणिक सैल होत जातो. त्यावर पट्टी, पट्टीवर दोन कड्या, कड्यांत दुर्बीण. लगेच घट्ट करायचे नाही. दस्ता खांद्याला लावून, डोळे मिटून, गाल नेहमीच्या जागी टेकवून मग डोळा उघडायचा; पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत दुर्बीण मागेपुढे सरकवायची. डोळा आणि काच यांत तीन-चार इंच अंतर हवे. ते कमी पडले तर धक्क्याने काचेची कडा भुवई फोडते.

यानंतर फुली सरळ करणे. रायफल पाणसळ ठेवून नीट समतल करायची, समोर पंचवीस यार्डांवर ओळंबा टांगायचा आणि उभी तार त्या दोरीशी जुळवायची. फुली तिरकी राहिली तर जवळ काही कळत नाही. अंतर वाढते तशी गोळी एका बाजूला भरकटत जाते. शिकारीसाठी मराठीत शब्द सापडत नव्हते, ते ओळंबा आणि पाणसळ यांच्या रूपाने गवंड्याच्या पिशवीत सापडले. शेवटी कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, एक इकडचा एक तिकडचा, थोडे थोडे आवळायचे. शेजारी शेजारच्या खुर्चीवरून मोजत होते. बोटे आमची आणि घाई न करण्याचा आग्रह त्यांचा.

नेम खरा सुरू होतो तो यापुढे. दुर्बीण नळीच्या सुमारे दीड इंच वर बसते. तिच्यातून जाणारी दृष्टी सरळ रेषेत जाते. गोळी मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली ठेवतात. गोळी खालून येते, दृष्टिरेषा ओलांडून वर जाते आणि पुढे उतरताना पुन्हा एकदा तिला छेदते. अशी रायफल २०० यार्डांवर जुळवली, तर पहिला छेद सुमारे ३० यार्डांवर पडतो, १०० यार्डांवर गोळी फुलीच्या दीड-दोन इंच वर लागते आणि ३०० वर सात-आठ इंच खाली. जेथे पाहतो तेथेच गोळी लागते, असे या साऱ्या प्रवासात दोनच बिंदूंवर घडते. बाकी सर्वत्र पाहणे आणि लागणे यांत फरक असतो. हा फरक ठाऊक असणे म्हणजेच नेम माहीत असणे.

जुळवणीची रीत अशी. वाळूच्या पिशव्यांवर रायफल स्थिर करून रिकाम्या नळीतूनच पंचवीस यार्डांवरचा कागद पाहायचा, आणि रायफल न हलवता फुली त्याच ठिपक्यावर आणायची. मग बोल्ट घालून तीन गोळ्या. दुर्बिणीच्या चकत्यांचा एक ‘टक्’ म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा चौथा हिस्सा; तो १०० यार्डांवर सुमारे पाव इंच भरतो. पंचवीस यार्डांवर त्याचाही चतुर्थांश, म्हणून तेथे इंचभर सरकायला सोळा टक्. आमच्या गोळ्या दोन इंच खाली आणि एक इंच डावीकडे लागल्या होत्या. बत्तीस वर, सोळा उजवीकडे. मग १०० यार्डांवर जाऊन तेच पुन्हा. मध्ये नळी थंड होऊ द्यायची.

यात एक शिस्त आहे: एका गोळीवरून चकती फिरवायची नाही. एक गोळी वाऱ्याने, श्वासाने, चाप झटकन ओढल्याने कोठेही जाते. तीन गोळ्यांचा पुंजका पाहायचा आणि त्याचा मध्य हलवायचा. पुंजका विस्कटलेला असेल तर दोष हाताचा, सैल स्क्रूचा किंवा काडतुसांचा. चकती त्यावर उपाय नाही. भरवशाचा नेम आणि रोखण्याचा नेम येथे आम्हांस एकत्र भेटले. ज्याच्या पुंजक्याचा नेम नाही, त्याला नेम धरता येत नाही.

नेमाची गोष्ट निघाली की आपल्याला अर्जुन आठवतो. आदिपर्वात द्रोणाचार्य झाडाच्या शेंड्यावर पक्षी ठेवतात. इतरांना झाड, गुरू, भाऊ सारे दिसते म्हणून ते बाद होतात आणि अर्जुनाला पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसते. दुर्बीण हे काम पैशाने करून देते. तिच्यातून पाहणारा प्रत्येक जण अर्जुनच होतो. म्हणूनच येथील शिकाऱ्यांना नेमके उलट शिकवतात: लक्ष्य ओळखा आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहा. हंगामात प्रत्येकाने भडक नारिंगी कपडे घालायचे ते याचसाठी. द्रोणांचा पक्षी कृत्रिम होता, हे महाभारतकार सांगतात. आपण ती गोष्ट सांगताना तेवढेच वगळतो. परीक्षेत जगाकडे दुर्लक्ष करता येते, कारण तेथे कोणी जखमी होत नाही.

हरीण जखमी होते. पोटात गोळी लागलेले हरीण तेथे पडत नाही. ते दाट रानात जाऊन तासन् तास मरते, आणि कित्येकदा कोणाला सापडतही नाही. आमच्या शेजाऱ्यांची सगळी धडपड या एका गोष्टीभोवती होती. पिशव्यांवरून १०० यार्डांवर पुंजका दीड इंचाचा आला, तेव्हा आम्ही रायफल पुसायला घेतली. त्यांनी थांबवले. नऊ इंचांची एक कागदी थाळी खिळ्याने ठोकायला सांगितली, कारण हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा साधारण तेवढीच. मग पिशव्या बाजूला सारून ते जमिनीवर बसले, जसे रानात बसावे लागते तसे, आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही थाळीत. थाळी १५० यार्डांवर नेली. तेथे दोन बाहेर गेल्या.

ते बराच वेळ त्या दोन छिद्रांकडे पाहत राहिले. मक्याच्या शेताच्या कडेला, वडिलांनी दाखवलेली त्यांची बैठक आहे. तेथून हरणे निघतात ती जागा दीडशे यार्डांहून थोडी अधिकच लांब. दुर्बिणीतून ती थाळीपेक्षाही स्वच्छ दिसली असती. “यंदा खाली ओढ्यापाशी बसतो,” ते म्हणाले. “शंभराच्या पुढे नाही.” कायद्याने तसे कोठेही म्हटलेले नाही आणि पाहायलाही तेथे कोणी येणार नव्हते. हा झाला तिसरा नेम, आजीच्या पोथीच्या जातीचा. तो नसेल तर पहिल्या दोघांना अर्थ उरत नाही: नेम धरता येणे आणि पुंजक्याचा नेम असणे या दोन्ही गोष्टी कोठवर खऱ्या आहेत, हे ठरवून पाळणारे कोणीतरी लागते.

आमच्या व्यवसायात दुर्बिणी पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीवर जुळवलेली दुर्बीण आपण ‘लीळाचरित्रा’वर रोखतो, प्रतिमा स्वच्छ दिसते, फुली बरोबर मधोमध बसते, आणि आपले विधान सात-आठ इंच खाली लागते. दुर्बीण टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना ती लागतेच. ती किती अंतरावर जुळवली होती आणि आपल्या हातात ती कोठवर खरी ठरते, एवढे मात्र लेख लिहिण्यापूर्वी एका कागदी थाळीवर पाहून घ्यायला हरकत नसावी. विधान चुकले की कलाकृती कोठे पडत नाही. जखम घेऊन ती रानात निघून जाते आणि पुढच्या वाचकांना सापडत नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी शेजारी अंधार पडल्यावर परतले. ओढ्यापाशी काही आले नव्हते. वर शेताच्या कडेला एक मोठा नर बराच वेळ चरत होता. हातातल्या दुर्बिणीतून, रायफलीवरच्या नव्हे, त्यांनी तो पाहिला. त्याची शिंगे किती फाट्यांची होती, हे त्यांनी आम्हांस दोनदा सांगितले.