सोनाराच्या काट्यावर काडतुसं

कामरगावच्या सोनाराकडे काडतुसं तोलायला येणारं गिऱ्हाईक एकच. साठीकडे झुकलेले, तूर-सोयाबीन पिकवणारे हे गृहस्थ गावात सगळ्यांचे काका. वडलांच्या मागे परवाना नावावर होऊन .315 बोअरची जुनी रायफल त्यांच्याकडे आली. सोनार एकेक काडतूस काट्यावर ठेवतो, काका वहीत आकडा लिहितात. "काका, यायले हॉलमार्क लावू का?" हे सोनारानं विचारायचं ठरलेलंच.

हे बोअर भारताबाहेर फारसं कुणी विचारत नाही. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं, 8 बाय 50 मिलिमीटरचं, बुडाला कड असलेलं. .303 ही लष्कराची गोळी इंग्रज सरकारनं इथल्या खासगी लोकांना बंद केली, तेव्हा बीएसए कंपनीनं ली-एनफिल्डच्याच धाटणीची रायफल या बोअरमध्ये काढून विकली. पुढे इशापूरच्या कारखान्यानंही ती बनवली. काडतुसं खडकीची, बुडावर 'केएफ' छाप.

परदेशात असली जुनी रायफल हाती आली की हौशी माणूस काडतुसं स्वतः भरतो. दारू कणाकणानं कमीजास्त करायची, गोळी किती खोल बसवायची ते ठरवायचं, मेजावर वाळूच्या पिशव्यांत रायफल टेकवून गोळ्या कुठे पडतात ते पाहायचं. या नादातूनच 1975 च्या सुमारास अमेरिकेत पाल्मिसानो आणि पिंडेल या दोघांनी 6 मिलिमीटर पीपीसी हे काडतूस तयार केलं. आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. शेतकऱ्याच्या परवान्यात ते बसत नाही. मग काकांच्या हातात उरते ती फक्त तयार काडतुसांतली निवड.

अर्थात, निवडीला हलकं समजू नये. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 451.4 गुणांवर ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं, ते .22 च्या रायफलीनं. त्या काडतुसाची ठिणगी देणारी दारू बुडाच्या कडेतच असते, त्यामुळे ते घरी भरताच येत नाही. म्हणून अव्वल नेमबाज आपली नळी शिकंज्यात धरून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून पाहतात आणि जो लॉट मानवेल तोच साठवतात.

काकांनी सरावाच्या मैदानावर तेच केलं. सोनाराचा काटा मात्र निरुपयोगी ठरला. जड-हलकी काडतुसं सारखीच लागली, कारण पितळी टरफलाच्याच वजनात इतका फरक असतो की दारूचा फरक त्यात बुडून जातो. लॉट बदलला तेव्हा खरा फरक पडला. एका डब्यातली काडतुसं बशीएवढ्या जागेत बसली, दुसऱ्यातली कागदभर पांगली. नळी तीच, खांदा तोच.

मैदानावरून परतलं की नळीत उकळतं पाणी. "पान्यानं गंजन ना ते!" असं शेजारी ओरडतात. पण जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाला की त्याचा क्षार होऊन नळीला चिकटतो आणि हवेतला ओलावा ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आधी पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. हा क्रम चुकवला तर आठवड्यात नळीला तांब चढते.

एवढं जपलेलं हत्यार 2024 च्या विधानसभा निवडणुकीला पोलीस ठाण्यात गेलं. आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, निकाल 23 नोव्हेंबरला. नेमकी तूर फुलून शेंगा धरण्याचे हे दिवस, आणि रात्री रानडुकरं नि रोही. निवडणूक आयोगाच्या सूचनांत छाननी समिती आहे. कुणाचं हत्यार ठेवून घ्यायचं ते तिनं परवानाधारकागणिक पाहायचं. प्रत्यक्षात काकांना सरसकट निरोप आला. आयुष्यात एक गुन्हा नाही, वाद नाही. हत्यार राहू द्यावं म्हणून त्यांनी अर्ज दिला, "सगळ्यांचंच घेतलं, तुमचं एकट्याचं कसं सोडू?" हे उत्तर. मग अर्ज कशाला घेतला, हे त्यांनी विचारलं, त्याला उत्तर नाही. पावतीवर रायफलीचा नंबर होता, तिच्यावरच्या दुर्बिणीचा उल्लेख नव्हता. तो लिहून घ्यायला ते तासभर उभे राहिले. आतल्या खोलीत बंदुका एकावर एक रचलेल्या त्यांनी पाहिल्या. त्याच वर्षी लोकसभेलाही हेच झालं होतं, पण तेव्हा शेत रिकामं होतं. शेतकऱ्याच्या परवान्यावर 'पीकसंरक्षण' लिहायचं आणि पीक उभं असताना हत्यार काढून घ्यायचं, यात कसलं संरक्षण?

घरी काडतुसं भरायची मुभा हवी, असं काका तावातावानं सांगतात. पण डुकरांसाठी पेरलेल्या गावठी बॉम्बनं जबडा फुटलेली गाय त्यांनी पाहिली आहे. तो विषय निघाला की म्हणतात, "दारू कोनाच्याबी घरात नको बाप्पा, माह्याबी नको." दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत येतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

रायफल परत आली ती नेम डावीकडे सरकून. तो जुळवण्यात चांगल्या लॉटमधली बरीच काडतुसं गेली. त्याच लॉटचा आणखी एक डबा मागायला ते दुकानात गेले, तर दुकानदारानं डब्याचा नंबर न बघताच पिशवी पुढे केली. काकांनी ती काउंटरवर उघडली, बुडं उजेडात धरून वाचली आणि अर्धी काडतुसं परत केली.