विमानासाठी वेळूची घोडी

मॉडेल विमान उडवणाऱ्याचा बहुतेक वेळ विमान जमिनीवर असतानाच जातो. उड्डाण आठ-दहा मिनिटांचं. त्याआधी पंख बसवायचे, पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या सर्व्होच्या तारा तपासायच्या, बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधायचा. उतरल्यावर जे उखडलं असेल ते चिकटवायचं. शहरातल्या क्लबात यासाठी टेबल असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाच्या आसपासच्या बरडावर टेबल कुठून आणणार? म्हणून आम्ही विमानासाठी घोडी बनवली. ती कशी बनली ते सांगावंसं वाटतं, कारण विमानापेक्षा तिच्यामुळेच आमची मुलं जास्त शिकली, असं माझं ठाम मत आहे.

माझं एरोमॉडेलिंग नागपूरचं. कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, 2 महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रनमध्ये. बाल्साच्या पातळ फळ्या कापणं, दोरीवर गोल फिरणारं कंट्रोल लाइन विमान, मग रेडिओवरचं, हे तिथे हाताखालून गेलं. पुढे विज्ञानाचा शिक्षक म्हणून सावलीत आलो. बाल्साचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याची फळी इथे मागवायची तर खिशाला जड. फ्लेक्सच्या दुकानात मात्र सनबोर्ड मिळतो, आणि पाच मिलिमीटरच्या सनबोर्डचं विमान झकास उडतं. आमचं शिकाऊ विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 120 सेंटिमीटर, वजन बॅटरीसकट एक किलोच्या आत. 2212 ची मोटर, दहा इंची पंखा, 11.1 व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार आम्ही ते नजरेच्या टप्प्यात, हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात आणि 400 फुटांच्या खालीच ठेवतो. जंगलावर नेत नाही.

अडचण जमिनीची होती. धान निघालं तरी बांध्या मोकळ्या होत नाहीत, उभ्या धानातच लाखोळी टाकलेली असते. मोकळी सापडते ती बरडाची पडीत जमीन, आणि तिथे कुसळ. विमान भुईवर ठेवलं की कुसळं सनबोर्डात शिरतात, शेपटीवरच्या एलिव्हेटरच्या सांध्यात अडकतात, मोटरीत माती जाते. मुलंच म्हणायची, "सर, भुईवर नोका ठेवू जी, कुसळं लागते." मग एक जण विमान हातात धरून उभा राही आणि दुसरा काम करी. धरणाऱ्याचा हात दुखला की विमान डुगडुगे आणि स्क्रू गवतात पडे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला सहसा सुचणार नाही. सावली तालुक्यात वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, धुऱ्यावर गवत कापताना माणसं मारली गेली आहेत. वाकलेल्या, बसलेल्या माणसाला धोका जास्त, हे वनविभागाचे लोक गावोगावी सांगतात आणि इथल्या प्रत्येक घराला ते पाठ आहे. मग पाच-सहा मुलं गवतात उकिडवी बसून, माना खाली घालून विमानात डोकं खुपसून बसलीत, हे मला चालणं शक्य नव्हतं. उभ्यानं काम झालं पाहिजे, मान वर राहिली पाहिजे, आवाज चालू राहिला पाहिजे. ऊन उतरायच्या आत परतायचं, हा नियम त्याच्या जोडीला होताच. घोडीची उंची आम्ही ठरवली ती यावरून: सातवीतल्या मुलाच्या कमरेच्या थोडी वर, 85 सेंटिमीटर.

विमानवाले लोक असा स्टँड बहुधा पीव्हीसी पाइपचा करतात. अर्धा इंची पाइप, एल्बो, टी, आणि वर मऊ फोम. स्वस्त पडतो, तासाभरात होतो. पण बारीक पाइप वाऱ्यात झुलतो, आणि चंद्रपूरचा उन्हाळा अंगावर घेऊन ते प्लास्टिक कडक होतं, मग सांध्यापाशी तडकतं. वेळूच्या मुलखात राहून प्लास्टिकच्या नळीचं काही करावं हे मला पटतही नव्हतं.

बुरडकाम करणारे एक वयस्क कारागीर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्याकडे गेलो. मामांनी आधी कटांग जातीचा बांबू बाजूला सारला. तो जाड, पण पोकळ. आम्हाला मानवेल दिला, जो बुडाकडे जवळजवळ भरीव असतो. एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचा बांबू होता. 2017 साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे तो सरळ विकत घेता आला. पण मामांनी लगेच हात लावू दिला नाही. ओल्या बांबूत साखर-स्टार्च असतो, त्याला घुण लागतो. आधी पाण्यात दाबून ठेवायचा, मग सावलीत सुकवायचा. आमचे बांबू बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यात दगडाखाली पडून राहिले. बाहेर काढले तेव्हा आंबूस वास येत होता. मुलांनी नाकं मुरडली, मामा मात्र खूश.

भोकं पाडायची वेळ आली तसा मी ड्रिल काढला. मामा म्हणाले, "बरम्यानं नोका पाडू सर, फाटते तो. सळाक तापवा." चुलीत लाल केलेली सळई त्यांनी गाठीच्या शेजारी टेकवली. धूर निघाला, गोडसर जळका वास आला आणि सळई गोल फिरत आरपार गेली. भोकाच्या कडा कोळपून घट्ट झाल्या होत्या. रेषा फुटायला जागाच उरली नाही. गाठीजवळच का, हे एका मुलीनं विचारलं. मामांनी एक तुकडा उभा चिरून दाखवला: पेरात धागे सरळ जातात, गाठीत एकमेकांत गुंततात. दहावीच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही असा धडा तिथे मातीत बसून झाला.

रचना पोथीच्या ठवणीसारखी. कैचीच्या दोन जोड्या, मध्ये बोल्ट आणि हाताने पिळायचा बटरफ्लाय नट, खाली दोन आडव्या काठ्या. नट सैल केले की सगळं मिटून एक मोळी होते, आणि ती सायकल ट्यूबच्या पट्टीनं मोटरसायकलला बांधता येते. वरच्या शिंगांवर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी चढवली. एका मेकॅनिककडे तिचे तुकडे पडून होते. दोन कैच्यांमधलं अंतर 35 सेंटिमीटर. पुढची कैची विमानाला पंखाच्या जरा पुढे उचलते, मागची शेपटीच्या बऱ्याच अलीकडे. ही दोन ठिकाणं महत्त्वाची, कारण सनबोर्डचं पोट तिथेच दुहेरी असतं. दुसरीकडे भार आला की ते चेपतं.

मला सगळ्यात आवडतो तो मागाहून घातलेला भाग. एका आडव्या पट्टीवर दोन खुंट्या, टोकांना पेन्सिलीचं खोडरबर. विमान कैचीतून उचलायचं आणि पंखांच्या खालून या खुंट्यांवर टेकवायचं. आमच्या पंखाची रुंदी 20 सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटरवर विमान समतोल राहायला हवं. नाक खाली गेलं तर बॅटरी मागे, शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे. एरवी आम्ही हे बोटांच्या टोकांवर करायचो, तेव्हा फक्त धरणाऱ्याला कळायचं. आता सगळे गोल उभे राहतात. आठवीतल्या एका मुलानं बॅटरी जेमतेम एक सेंटिमीटर मागे सरकवली आणि नाक हळूहळू वर आलं, तेव्हा बाजूचा पोरगा ओरडला, "अबे, तराजूच हाय हा!" गुरुत्वमध्य मी फळ्यावर कितीदा काढला असेल, पण तो मुलांच्या डोळ्यांना दिसला या खुंट्यांवर.

मोटरची चाचणीही आता घोडीवरच होते. पूर्ण जोरात पंखा विमानाच्या वजनाच्या आसपास ओढ देतो, म्हणून सायकल ट्यूबचा पट्टा पंखांच्या मागून घेऊन कैचीला आवळतो, आणि घोडीचे पाय खुंट्या ठोकून जमिनीला बांधतो. बॅटरी जोडली की पंख्याच्या समोर किंवा रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हा नियम बांबूवर लाल रंगानं लिहिला आहे. दहा इंची पंखा बोट कापतो. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. विमानाचं नाक नेहमी वाऱ्याकडे. आडवा वारा लागला तर इतकं हलकं विमान पट्ट्याशिवाय कैचीतून सहज उलटतं.

मूल गावाहून चंद्रपूरला जाताना चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र लागतं. तिथे कळलं, की बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू मुरवला तर कीड लागत नाही. ती पद्धत पुढच्या घोडीला वापरायची असं मुलांनी ठरवलं आहे. दुसरी घोडी हवीच आहे. पाचवी-सहावीच्या मुलींना 85 सेंटिमीटर उंच पडतं, त्यांनी 70 मागितलं आहे, शिवाय एका कैचीला स्क्रू ठेवायला वेळूची छोटी परडी. परडी मामा विणून देणार आहेत, पण कैच्या यावेळी मुलांनी स्वतः करायच्या, सळई तापवण्यापासून, अशी त्यांची अट आहे.